मोकळ्या खोलीतले लहान स्पीकर

बायको गेली तो गुरुवार होता. सकाळी ती बँकेत गेली. दुपारी बँकेतून फोन आला. संध्याकाळी आम्ही तिला हॉस्पिटलमधून डोंबिवलीच्या घरी आणलं.

तेराव्यानंतर सासूबाई आणि मेहुणी घर आवरायला बसल्या. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, आणि सवाष्ण गेली तर तिच्या साड्या नात्यातल्या, शेजारपाजारच्या बायका नेतात. "तुम्हाला काही ठेवायचंय का?" असं मेहुणीने मला विचारलं. मी म्हणालो, "सगळं द्या." त्या दिवसांत कोणी काही विचारलं की मी हो म्हणत असे.

आतली खोली तिची गाणं ऐकायची खोली. एका भिंतीला बिनदाराचं मोठं फडताळ, त्यावर जाड पडदा; आत साड्या, वर गोधड्या, खाली गाद्यांची चळत. समोर कमरेएवढे दोन स्पीकर, कल्याणच्या एका सुताराकडून खोकी करून घेतलेले. बँकेतून आली की ती चहाचा कप घेऊन तिथे बसे आणि रेकॉर्ड लावी. मला गाण्यातलं कळत नाही. मी दाराशी बसून वाचत असे. वाचताना कानावर पडे तेवढंच माझं गाणं.

काही महिन्यांनी मी एकदा रेकॉर्ड लावून पाहिली. जिन्यात उभं राहून कोणी गावं तसा आवाज घुमला. मी आवाज कमी केला. नंतर सुई बदलली. फरक पडला नाही. तिच्या वेळी तिथे जसं ऐकू येत असे तसं एकदा तरी ऐकायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. ते होणार नसेल तर सगळा संच काढून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. दोष त्या जुन्या खोक्यांचा असावा असं मला वाटलं.

नव्वद सालानंतर चांगले परदेशी स्पीकर उघडपणे मिळू लागले होते. ठाण्यात नौपाड्याला एक गृहस्थ राहत्या घरीच ते ऐकवून विकत. मेहुणी म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात तर काहीही घेऊन याल." ती बरोबर आली.

गृहस्थांनी आधी चहा दिला. "स्टेशनवरचा कलकलाट कानांतून उतरू दे. तोवर मी काही ऐकवत नसतो."

स्टँडवरचे स्पीकर पाहून मेहुणी म्हणाली, "एवढेसे? भाऊजी, हे तर श्रीखंडाचे डबे!"

"डब्याकडे बघू नका हो ताई. ऐका."

त्यांनी ठुमरी लावली. गायिका दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, समोर बसून गात असल्यासारखी वाटली. मेहुणी खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागली. मला काही वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, "आमच्याकडे असंच वाजेल का? आमचे मोठे स्पीकर घुमतात."

"पहिल्यापासून?"

"नाही. आधी बरे वाजायचे."

"मग मध्ये खोलीत काय बदललं?"

"काही नाही."

"काही नाही कसं, भाऊजी?" मेहुणी म्हणाली. "फडताळ रिकामं केलं ना आपण. गाद्या दिल्या, साड्या दिल्या. पडदा धुवायला म्हणून मी नेला, तो आणलाच नाही."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की कापड आवाज शोषून घेतं. खोलीत एवढं कापड होतं म्हणून त्या मोठ्या स्पीकरांचा खर्ज आवाक्यात राहत होता. "पुन्हा तेवढं कापड भरा आणि तेच ठेवा. नाहीतर हे लहान घ्या. यांना खर्जच कमी, म्हणून घुमणार नाहीत."

"मी साड्या परत मागून आणते," मेहुणी म्हणाली. "घरं माहीत आहेत मला."

"अगं, नेसायला लागल्या असतील त्या."

"म्हणून काय झालं? कारण सांगेन. मला काय लाज?"

"आणि त्या बायकांनी काय करायचं?" मी म्हणालो. "राहू दे."

ती पदराशी चाळा करत राहिली. तिच्या अंगावरची साडीही बहिणीचीच होती. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी गृहस्थांना विचारलं, "लहान घेतले तर आवाज पूर्वीसारखा येईल का?"

"नाही," ते म्हणाले. "स्वच्छ येईल. पूर्वीसारखा नाही येणार."

दुसरं कापड भरून तिची खोली परत येणार नव्हती; पण संच काढून टाकायलाही आता मन होईना. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"लहान द्या," मी म्हणालो.

मोठे स्पीकर मेहुणीच्या घरी गेले. आतल्या खोलीत लहान स्पीकर आहेत, एक खुर्ची आहे आणि तिच्या रेकॉर्ड आहेत. भिंती मोकळ्या आहेत. मी संध्याकाळी ऐकतो. पूर्वी दाराशी मला नुसता सूर ऐकू येत असे. आता गाण्यातले शब्द कळतात.