किटलीतली घोणस

पुण्याहून निघालो ते कोल्हारचे पेरू खायला. राहुरी मागे पडली, दोन्हीकडे ऊस सुरू झाला आणि प्रवरेचा पूल ओलांडून एस.टी.ने मला कोल्हारला सोडलं. मित्र बापू मोटारसायकल घेऊन उभाच होता.

मळ्यात वहिनींनी तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी पुढे ठेवल्या. "जेवनाला येळ हाय, तवर खा भावजी," म्हणाल्या आणि विळा घेऊन घास (जनावरांसाठी लावलेला हिरवा चारा) कापायला गेल्या. मी तिसऱ्या फोडीवर होतो, तेवढ्यात त्यांची किंकाळी ऐकू आली.

घोट्याजवळ सापाच्या दातांच्या दोन खुणा होत्या, रक्त गळत होतं. बापूने गाडीला किक मारली. मी त्याला थांबवलं. शहरातला शहाणा ना मी!

"कुठला साप ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध कसं देणार? आधी साप शोधू."

बापूला ते पटलं. काठ्या घेऊन आम्ही वाफे पालथे घातले. वहिनी बांधावर बसून होत्या. "ऱ्हाऊ द्या भावजी, पाय लई जड पडलाय." अर्ध्या तासाने घोणस सापडली. ती मारली, दुधाच्या किटलीत कोंबली आणि निघालो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बापू केसपेपर काढायला गेला. मी ऐटीत किटली उघडली. डॉक्टरीणबाई चिडल्याच.

"हे शोधत बसलात? अहो, चारही मुख्य विषारी सापांवर औषध एकच! चौघांचं विष घोड्यांना थोडंथोडं टोचतात, त्यांच्या रक्तातून हे बनतं. बाहेर एकेका बाटलीला शेकडो रुपये पडतात, इथं फुकट देतो. तुम्ही फक्त वेळेत यायचं होतं."

नळीत घेतलेलं वहिनींचं रक्त वीस मिनिटांत गोठायला हवं होतं. बाईंनी नळी तिरकी केली, तर ते पाण्यासारखं वाहिलं. दहा बाटल्या चढवल्या, संध्याकाळी आणखी. सकाळी रक्त गोठलं, पण लघवी बंद झाली होती. नगरला हलवून डायलिसिस सुरू करावं लागलं.

चौथ्या दिवशी परतताना भेटायला गेलो. वहिनींचा चेहरा सुजला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या सांगत होत्या, "ह्या भावजींनी साप हुडकला, म्हनून औषध मिळालं. न्हाईतर गेलेच हुते."

मला तिथं उभं राहवेना. पुण्यात पोचल्यावर बापूला फोन केला आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

"तिला मातर सांगू नको," तो म्हणाला. "तिला तुझं लई कौतुक हाय."