थोडंच राह्यलंय

कोन गावच्या रस्त्यावरचा तो मेस्त्री कधी 'नाही' म्हणायचा नाही. ज्या जुन्या पेट्रोल पिकअपवर सुताची पोती वाहून मी धंदा उभा केला, ती डिझेल इंजिन बसवायला मी त्याच्याकडे दिली. पावसाळा गेला, होळी गेली. कधीही जा, बॉनेटवर पंजा टेकवून तो म्हणायचा, "बसतंय शेठ. थोडंच राह्यलंय."

मी ओरडायचो. भाव करताना मी भल्याभल्यांना घाम फोडलाय, पण हा माझं ओरडणं संपेपर्यंत हात पुसत उभा राहायचा आणि मग विचारायचा, "चहा सांगू?" त्या विचारण्यानेच मी जास्त थकायचो.

शेवटी पिकअप ओढून धामणकर नाक्याजवळच्या गॅरेजात न्यायला मी टेम्पो घेऊन गेलो. दोरी त्यानेच बांधली आणि पिकअपच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला. "ब्रेक कच्चा हाय हिचा. मलाच बसाया लागंल."

वाटभर टेम्पोच्या आरशात मला तो दिसत होता. प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना इशारा देत होता.

नव्या मेस्त्रीने बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये किसने किया?"

शिव्या माझ्या अगदी ओठांवर आल्या होत्या. तेवढ्यात तोच पुढे झाला.

"मैंने. नहीं बैठा मेरेसे."

इतके महिने मला जे ऐकायचं होतं, ते त्याने सांगितलं. पण मला नाही, दुसऱ्याला.