येळवशीच्या जागेवर पडलेला चौकोन

"मॅडम, चौकोन पलीकडं सरकवा. हे नैसर्गिक नुकसान नाही," विमा कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला.

लोहारा तालुक्यातल्या ज्वारीच्या रानात आम्ही उभे होतो. मी कृषी विभागात सांख्यिकीचं काम पाहते. पीक कापणी प्रयोग म्हणजे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून वजन करायचं. अशा चौकोनांच्या सरासरीवर अख्ख्या महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या गावांची, विमा भरपाई ठरते. चौकोनाची जागा माणूस ठरवत नाही. अॅप आकडे देतं, कोपऱ्यापासून इतकी पावलं उभी, इतकी आडवी. पूर्वी अधिकारी बांधावरूनच पीक किती आणे ते अंदाजानं सांगायचे. जुन्या संख्याशास्त्रज्ञांनी चिठ्ठी टाकल्यासारखी जागा निवडायची ही पद्धत रुजवली ती त्यासाठीच.

आमचा चौकोन नेमका येळवशीच्या जागेवर पडला होता. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी इकडं सगळं गाव रानात असतं. ज्वारीत कडब्याची कोप उभारून पूजा होते, पाहुणे तिथंच जेवतात. तेवढी ज्वारी आडवी झाली होती.

शेतकरी शिवाप्पांचं बाकीचं पीकही ओलीअभावी सुकलेलं. त्यांना भरपाईची आस होती.

"लई मानसं जेवली, साहेब. तुमीबी यायचं की," ते म्हणाले.

"म्हणूनच ही जागा चालणार नाही. मी सही करणार नाही."

"या मंडळात कोप नसलेलं एक रान दाखवा," मी म्हणाले. "तेवढी ज्वारी प्रत्येकाच्या उत्पन्नातून जाते. मग कधीतरी चिठ्ठी तिच्यावर पडणारच."

"पण कारण..."

"आपण कारण शोधत नाही, उत्पन्न मोजतो. सकाळी शिवाप्पा बांधाकडची वाळकी ज्वारी कापा म्हणाले, तेव्हा तुम्हीच नियम वाचून दाखवलात."

"वाचा की आता परत," शिवाप्पा म्हणाले.

प्रतिनिधीनं सही केली.

इतर रानांत पीक बरं होतं. मंडळाची सरासरी भरपाईच्या मर्यादेच्या वर राहिली. कुणालाच काही मिळालं नाही. शिवाप्पांसह गावातले दहा-बारा जण तावातावानं माझ्या कार्यालयात आले. आकडे फिरवले, असं एकजण म्हणाला.

"न्हाय रं," शिवाप्पा म्हणाले. "बाईंनी त्या साहेबाचं ऐकलं न्हाय अन् माजंबी न्हाय. म्या तिथंच हुतो."

लोक चहा न घेता परत गेले. आकडा लोकांना आवडावा अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तो कुणासाठी हलला नाही, हे तोटा झालेल्या माणसानं सांगितलं, तेवढं पुरे.