चष्मा फुटलेल्यांची वेबसाइट

उस्मानपुऱ्यातले आमचे चष्मेवाले काका गिऱ्हाइकाला "दिसतंय का?" असं कधीच विचारत नाहीत. "काय दिसतं?" असं विचारतात. मी सातवीत असताना पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसले, तेव्हा मला ही उगाच उलटतपासणी वाटली होती. पुढे त्यांनीच कारण सांगितलं. "दिसतंय का म्हणलं की माणूस व्हय म्हणतो. काही दिसत नसलं तरी व्हयच म्हणतो. लाज वाटती ना." काही बहाद्दर तर बाकावर बसल्या बसल्या समोरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून टाकतात आणि खुर्चीत गेल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात. म्हणून काकांकडे दोन तक्ते आहेत. एक भिंतीवरचा, सगळ्यांना दिसणारा, आणि दुसरा पडद्यामागचा, खऱ्या तपासणीचा.

मी लहान दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. स्वभाव तापट आहे आणि स्वतःच्या कामाबद्दल कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, हे आधीच सांगून टाकते.

काकांचं दुकान पूर्वी मुख्य रस्त्यावर होतं. ती इमारत पाडायला काढली आणि त्यांना मागच्या गल्लीत जावं लागलं, तीन वळणं घेऊन. त्यांचं अर्धं गिऱ्हाईक खेड्यापाड्यांतलं, दोन-तीन वर्षांनी एकदा येणारं. ही माणसं जुन्या जागी यायची, ठोकलेले पत्रे बघायची आणि दुकान बंद झालं समजून परत जायची. नवी जागा त्यांना सापडली नाही, तर दुकान खरंच बंद होणार होतं. काका मला म्हणाले, "आता समद्यांकडं मोबाइल आहे. त्यात माझा पत्ता टाक, बस."

त्यांना पत्त्याची पाटी हवी होती. मी मकबरा बांधला. सरकत जाणारी फ्रेमांची मोठमोठी चित्रं, करड्या रंगाची नाजूक अक्षरं, आणि पत्ता, फोन नंबर सगळ्यात खाली, कोपऱ्यात. माझ्या मोठ्या स्क्रीनवर ते इतकं देखणं दिसायचं की मी स्वतःच दोन दिवस बघत बसले. मग मोबाइलवर उघडून घरच्यांना, शेजाऱ्यांना, खालच्या दूधवाल्याला दाखवलं. "दिसतंय ना नीट?" सगळे म्हणाले, व्हय, लई भारी. विषय संपला.

पंधरा दिवसांनी काकांना एका बाईचा फोन आला. तिचे वडील खुलताबादच्या पलीकडच्या वस्तीवर राहतात, मेंढरं राखतात. त्यांच्या चष्म्यावर मेंढीचाच पाय पडला होता. चष्म्याशिवाय त्यांना मेंढीच्या खुरात रुतलेला काटा दिसेना, आणि काटा राहिला की खूर पिकतो. लेकीनं त्यांच्या मोबाइलवर आमची साइट उघडून दिली आणि गाडीत बसवून दिलं. म्हातारा जुन्या दुकानाच्या पत्र्यांसमोर उभा राहिला. फोन नंबरावर अंगठा दाबायला जायचा, तर दर वेळी फ्रेमचं चित्र उघडायचं. पत्ता वाचता येईना. कुणाला विचारायचा संकोच. दोन तास उन्हात थांबून तो परत गेला.

काकांनी हे मला शांतपणे सांगितलं. मी भडकले. "त्यांना दिसतच नाही, त्यात साइटचा काय दोष?"

"अगं, चष्म्याच्या दुकानाची साइट उघडणार कोण? ज्याचा चष्मा फुटलाय त्योच ना?"

मी आवाज चढवला. माझ्या मोबाइलवर सगळं स्वच्छ दिसतं, हवं तर आत्ता वाचून दाखवते, असंही म्हणाले.

"बस मग खुर्चीत. चष्मा काढ." काकांनी त्यांचा जुना, कडेला तडा गेलेला मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाच पत्ता."

मी वाचला. दुसऱ्या वळणाला डावीकडे, तिथून पुढे तिसऱ्याला उजवीकडे, पिठाच्या गिरणीसमोर. एकदाही न अडखळता.

"हे फ्रेमांचं पान हाय," काका म्हणाले. "खाली पत्त्यापर्यंत मी गेलोच नव्हतो. तू पाठ म्हणलीस."

काका हसले असते तर बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत, त्यांनी माझा चष्मा पुसून परत दिला. मला इतकी लाज वाटली की कान तापले. जे आपण स्वतः लिहिलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही, आठवतं. हा माणूस चाळीस वर्षं रोज हेच ओळखत आला होता आणि मी त्याला मोबाइल शिकवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी काकांच्या बाकावर बसले. ज्यांचे चष्मे दुरुस्तीला आत गेले आहेत, त्यांच्या हातात तोच तडा गेलेला मोबाइल द्यायचा आणि विचारायचं, "काय दिसतं?" पहिल्या दिवशी बहुतेकांना काहीच दिसलं नाही. बजाजनगरहून आलेल्या एका वेल्डरच्या अंगठ्याखाली दोन बटणं एकदम दाबली जायची, तेव्हा मी बटणांमध्ये बोटभर जागा सोडली. एका मावशींच्या गावात नेटवर्क अडखळत येतं, तिथं पान उघडेपर्यंत भाकरी भाजून होते म्हणाल्या. मग मी सरकणारी चित्रं उडवली. काळजावर दगड ठेवून, पण उडवली. काकांनी मला मोबाइल घेऊन भर दुपारी गल्लीत उभं केलं. करडी अक्षरं उन्हात गायबच झाली. "गिऱ्हाईक उन्हातच उभं राहून बघतंय," ते म्हणाले. मी अक्षरं काळी आणि ठसठशीत केली.

शेवटी राहिलं ते एवढंच: सगळ्यात वर तळहाताएवढं हिरवं बटण, दाबलं की थेट काकांना फोन. त्याखाली तीन वळणांचे तीन फोटो आणि गिरणीचा चौथा. माझ्या धंद्यातल्या कुणी बघितली तर नाक मुरडेल अशी साइट. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे.

काकांनी त्या लेकीला फोन करून पान पुन्हा उघडायला सांगितलं. चार दिवस गेले, पाचवा गेला. एकदा ज्याला परत जावं लागलं तो पुन्हा कशाला येईल, असं मला वाटायला लागलं होतं. काका एवढंच म्हणाले, "मेंढरं हायेत त्याची. यील."

आठव्या दिवशी दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, आणि हातभर लांब धरलेला मोबाइल. त्यावर गिरणीचा फोटो होता. त्याने फोटोकडे पाहिलं, मागे वळून गिरणीकडे पाहिलं, आणि मग आत आला.

"कुणाला इचारलं का, बाबा?" काकांनी विचारलं.

"नाय. कशाला इचारायचं? समदं हाय की ह्याच्यात."

मी बाकावरून उठले आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. काकांनी त्याला पडद्यामागे बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलत गेले. सवयीने विचारत राहिले, काय दिसतं, आता काय दिसतं. म्हातारा खरं खरं सांगत होता. धुकट, जरा बरं, हां, ही रेघ दिसती. मग एक काच बसली आणि तो तक्ता सोडून खोलीभर बघायला लागला.

"काय दिसतं, बाबा?"

"तिथं कोपऱ्यात एक बाई हाय," तो म्हणाला. "रडायलीय."