चहा-पोळी आणि जिमशेजारची खोली

चहात पोळी बुडवून खायला माझ्या मुलीला मीच शिकवलं. टोरोंटोच्या एटोबिकोत वाढलेली पोर, बोलते इंग्रजी, स्वप्नंही इंग्रजीतच पडत असतील. पण सकाळी शिळी पोळी खायला बसली की थेट आमच्या यवतमाळकडची. पोळीची गुंडाळी करायची, चहात बुडवायची आणि मऊ पडायच्या आत तोंडात टाकायची. तुकडा तुटून कपात पडला की ती चिडायची आणि मी हसायचे. लेकीत तुझं काय उतरलं असं कोणी विचारलं असतं, तर मी तिची चहा-पोळी दाखवली असती.

ग्रेड टेनला गेली आणि पोर सकाळी उठेनाशी झाली. आम्ही बेसमेंटमध्ये राहतो. वर जायचा जिना काही फार मोठा नाही, पण ती अर्ध्यात बसायची, बॅग मांडीवर घेऊन. चेहरा पिठासारखा. कधी शाळेला दांडी, कधी पहिला तास बुडवून जायची. तिचे बाबा एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. ते म्हणायचे, हिची बॅटरी उतरली आहे, रात्री हिलाही चार्जिंगला लावत जा. आमच्या इथल्या मंडळातली, मिल्टनला राहणारी एक ताई आहे, सॉफ्टवेअरमधली. तिला फोन केला तर ती म्हणाली, अगं फोन काढून घे तिचा, आपोआप उठेल. मी फोन काढून घेतला. पोर तरी उठेना.

मग एक दिवस जेवताना तिने सांगितलं की पुढच्या सेमिस्टरपासून तिला ऑनलाइन शाळा करायची आहे. घरूनच. तिचे बाबा म्हणाले, बरं आहे की, थंडीत जायला नको. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

त्याचं कारण सांगायचं तर मला माझ्या शाळेत जावं लागेल. नववीत होते. प्रार्थनेला उभी राहिले की डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे आणि एकदा सगळ्यांसमोर कोसळले. कोणी म्हणालं नाटकं करते, कोणी म्हणालं उपाशी आली असेल. शाळेत रक्तवाढीच्या लाल गोळ्या वाटायचे, पण त्यांनी मळमळायचं म्हणून आम्ही पोरी त्या भिंतीपलीकडे भिरकावायचो. गोळी का देतात, कशासोबत खायची, हे बाईंनी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. दवाखाना तालुक्याला. बापाचा रोज बुडायचा म्हणून जाणं पुढे ढकललं. आज बरं नाही, उद्या बरं नाही, असं करत घरी राहू लागले. शाळा सोड असं मला कोणी म्हणालं नाही. जायचं राहून गेलं, एवढंच.

आमच्या समाजात शिक्षण सुटणं साधी गोष्ट नाही. विहारात वंदना झाली की कोणाचं लेकरू काय शिकतं हेच बोलणं. इथल्या मंडळातही सगळे इंजिनिअर, बँकवाले. बायका ओळख करून घ्यायला जवळ आल्या की मी भजी तळायला किचनमध्ये निघून जाते. तुम्ही काय शिकलात, हा प्रश्न तेलाच्या कढईपर्यंत येत नाही.

तर लेकीने 'घरून' म्हटलं आणि मला जायचं राहून गेलेली ती मीच दिसले. रात्री तिच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुला सगळ्यात भीतीच दिसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेतून फोन आला. मी घरून टिफिन देते, त्याच्या पोळ्या लाटत होते. तुमची मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली, आता ठीक आहे, शाळेच्या क्लिनिकमध्ये आहे, येऊ शकाल का. शाळेत क्लिनिक असतं हेच मला माहीत नव्हतं. गॅस बंद केला की नाही हे बसमध्ये बसल्यावर आठवेना. ग्रोसरीच्या दुकानात भेटणाऱ्या एका बाईने कधीतरी सांगितलं होतं की मूल अशक्त दिसलं की इथे घरी चौकशी येते, फ्रिज उघडून बघतात. मी बसमध्ये मनातल्या मनात फ्रिज लावत होते. वरच्या कप्प्यात दूध, खाली पालक.

क्लिनिक म्हणजे जिमशेजारची एक खोली. बाहेर तीन खुर्च्या, एका टोपलीत खाऊचे बार, आणि दुसऱ्या टोपलीत निरोधची ती पाकिटं, जी आमच्याकडे मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो. मी दुसरीकडे पाहिलं. पण डोक्यात जे यायचं ते आलंच. चक्कर, पांढरा चेहरा, सकाळी उठवत नाही. आईचं मन किती वाईट असतं ते आईलाच माहीत.

नर्स बाहेर आली. कॅरिबियनकडची, माझ्याच वयाची, केस पांढरे होऊ लागलेले. इथे अशा नर्सला तपासायचा आणि औषध लिहून द्यायचाही अधिकार असतो. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सावकाश म्हणाली की मुलगी बरी आहे, पण आधी मी तिच्याशी एकटीशी बोलणार. मी म्हटलं, शी इज माय डॉटर. ती म्हणाली, हो, आणि माझी पेशंट आहे. तिने बोलवा म्हटलं की लगेच बोलवते.

दार लागलं. माझ्या पोटच्या पोरीने मला आत घ्यायचं की नाही हे ठरवायचं होतं. राग आला. मग लाज वाटली. मग नुसतीच भीती उरली. जिममध्ये चेंडू आपटत होता, त्याच्या प्रत्येक आवाजाला मी दाराकडे पाहत होते.

दार उघडलं तेव्हा लेक बेडवर बसून ज्यूस पीत होती.

"आई, डोन्ट फ्रीक आउट," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून ती इथे येत होती. पाळीत फार रक्त जायचं, वर्गात उठायची भीती वाटायची. नर्सनेच रक्ताची तपासणी करवली, लोह अगदी कमी निघालं, गोळ्या दिल्या. इतके महिने ती रोज गोळी घेत होती आणि मला पत्ता नव्हता. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

तिने स्ट्रॉ फिरवत म्हटलं, "तू रडतेस, आई. मग मला तुलाच सांभाळावं लागतं."

मी रडले नाही. जीभ चावून धरली होती.

नर्सची अडचण वेगळी होती. गोळ्या घेऊनही नवा रिपोर्ट जिथल्या तिथेच. तिला वाटत होतं आता हॉस्पिटलला पाठवावं, पोटाच्या तपासण्या कराव्यात. पाठवायच्या आधी ती पुन्हा पहिल्यापासून विचारत होती. गोळी चुकते का? नाही. कधी घेतेस? सकाळी, ब्रेकफास्टबरोबर, म्हणजे मळमळत नाही. ब्रेकफास्टला काय? लेक म्हणाली, रोटी. नर्सने मान हलवली. ठीक आहे.

आणि मला आमची सकाळ दिसली. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात काहीतरी झटकन तोंडात टाकणं. मला वाटायचं मिंटची गोळी असेल. त्यावर चहाचा घोट. ते ठीक आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की पोर अर्धंच सांगते आहे. आपलं इंग्रजी तसलं, म्हणून गप्प बसायची सवय. त्या दिवशी मात्र बोलले.

"रोटी विथ चाय," मी म्हटलं. "नॉट लिटल चाय."

आणि दोन्ही हातांनी चहाचा मग केवढा ते दाखवलं. तिच्या बाबांना कंपनीतून मिळालेला, दोन-तीन वाट्या वरण मावेल एवढा. नर्सने विचारलं, कसा करता? मी म्हटलं, बॉईल. लॉट ऑफ बॉईल.

नर्सने पेन खाली ठेवलं. ती लेकीला म्हणाली की गोळी चहा-कॉफीबरोबर घ्यायची नाही हे आपण बोललो होतो ना? लेकीला खरंच समजत नव्हतं. ती म्हणाली, "बट दॅट्स नॉट ड्रिंकिंग टी. दॅट्स ब्रेकफास्ट."

नर्सला हसू आलं, मग लेकीला, मला मात्र नाही. नर्सने समजावलं की कडक चहा लोहाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायची, चहा पुष्कळ वेळाने. एवढ्यानेच सगळं सुटेल असं नाही, पाळीचंही बघायचं आहे, पण आधी हे करून बघू. मी मनात हिशेब केला की रोज सकाळी लवकर उठून, आलं ठेचून, मीच लेकीची गोळी वाया घालवत होते. माझा चेहरा पाहून नर्स म्हणाली की तुम्ही तिला प्रेमाने खाऊ घातलं, त्यात चूक नाही. आणि मग माझे आभार मानले, तुम्ही नसता तर कळलं नसतं म्हणून. शाळेसारख्या जागेत मला कोणी थँक यू म्हणण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ असावी.

निघताना तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्हीही लवकर दमता का? मी हो म्हटलं. मला तपासायची तिला परवानगी नव्हती, क्लिनिक फक्त मुलांचं, पण आमच्या घराजवळ कुठे जायचं ते तिने सांगितलं. मी गेले. माझंही रक्त कमी निघालं. नववीतल्या त्या चकरेला असं या वयात नाव मिळालं.

सकाळचा चहा बंद झाला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं. लेक संत्र्याच्या रसाकडे बघून नाक मुरडायची, तिचे बाबा म्हणायचे, माझा काय गुन्हा, मला तरी द्या. मग आम्ही चहा चार वाजता नेला, ती शाळेतून आल्यावर. पाळीसाठीही नर्सने औषध सुरू केलं. तेही लेकीने मला चहा पितानाच सांगितलं. मी ऐकायला शिकले. ऐकताना मान खाली घालून हात कामात ठेवायचे म्हणजे डोळे भरले तरी दिसत नाहीत, ही युक्ती.

ऑनलाइनचं काय झालं हे विचारायचा मला धीर होत नव्हता. जिन्यावरच्या पावलांवरून अंदाज घ्यायचे. आधी ती उतरतानाही थांबायची. मग कमी थांबू लागली. बर्फ वितळायला लागला तेव्हा एका दुपारी ती धडधडत न थांबता खाली आली आणि वरून घरमालकीण ओरडली. मला तो ओरडा फार गोड लागला.

त्याच दिवशी चहा पिताना तिने विचारलं, "आई, नेक्स्ट इयर बायोलॉजी घेऊ का? लॅब असते, घरून नाही होत."

मी काय सांगणार, मला बायोलॉजीत काय असतं तेही नीट ठाऊक नाही. मी म्हटलं, घे. एवढंच म्हटलं, कारण त्यापुढे बोलले असते तर युक्ती उपयोगी पडली नसती.

तिने पोळीची गुंडाळी चहात बुडवली, बोलण्याच्या नादात जरा जास्तच वेळ. तुकडा तुटून मगात पडला. ती चिडली. मी उठून तिला चमचा दिला.