हातभर अंतराचा चष्मा

फोन आला तेव्हा सव्वातीन वाजले होते. माझे पती माधव ऑफिसमध्ये कोसळले आणि हॉस्पिटलमध्ये नेण्याआधीच गेले, असं त्यांचे सहकारी सांगत होते. माझ्यासमोर खुर्चीत पेशंट होती. ती डोळे तपासायच्या तक्त्याची पाचवी ओळ वाचत होती. मी फोन ठेवला. तिच्या हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं, नंबर काढला, कागदावर लिहिला, सही केली आणि निघाले.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळ्यांचं ऑपरेशन करत नाही, चष्म्याचा नंबर काढते. पुण्यातल्या एका सरकारी विमा रुग्णालयात मी नोकरी करते. कामगारांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो आणि त्या बदल्यात इथे डोळे तपासून चष्मा मिळतो. ठरलेल्या मुदतीत एकदाच.

दीड महिन्याने तीच पेशंट परत आली. शोभा वानखेडे, वय एक्कावन्न, मूळच्या वाशीमकडच्या. हडपसरला गाड्यांचं वायरिंग जुळवायच्या कारखान्यात कंत्राटावर काम करतात.

"चष्मा नाही चालत जी," त्या म्हणाल्या.

मी कार्ड दिलं. त्यांनी अगदी बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचली.

"दिसतंय की सगळं."

"इथं दिसते. घरीबी दिसते, तांदूळ निवडते मी. कंपनीत गेली की तारांवरचे नंबर पुसल्यासारखे होतात. दोनदा रिजेक्शन आलं." चुकीची तार जोडली गेली की माल परत येतो, त्याला त्या रिजेक्शन म्हणत होत्या. "आमचा सुपरवायझर म्हणते, मावशी, नाव शोभा म्हणून चष्माबी शोभेचाच घेतला काय? तिसऱ्यांदा आलं तर उद्यापासून येऊ नका म्हणते."

"तारा कुठे असतात तुमच्या?"

त्या खुर्चीवरून उठल्या आणि समोर हात लांब केला. "इथं. बोर्ड उभा राहते नं."

मी त्या लांबवलेल्या हाताकडे पाहत राहिले. वाचायचा नंबर आम्ही साधारण चाळीस सेंटिमीटरवर काढतो. पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर. त्याच्या पलीकडे तो चष्मा धूसर दाखवतो. शोभाबाईंचा बोर्ड पासष्टवर होता. म्हणून पेशंट खुर्चीत बसला की आमचा पहिला प्रश्न असतो, काम काय करता आणि किती लांबून पाहता. तो मी विचारला नव्हता. माधव पुस्तक पोटावर ठेवून वाचायचे. त्यांच्यासाठी मी घरातल्या शिलाईच्या टेपने अंतर मोजून नंबर काढला होता.

मी पुन्हा तपासलं. वरच्या भागात हातभर अंतराचा नंबर, खालच्या भागात जवळचा, असा दोन भागांचा चष्मा हवा होता. योजनेत तो बसत होता. फक्त मुदतीआधी दुसरा चष्मा द्यायचा तर फेरतपासणीचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात कारणाचा रकाना असतो, शेजारी छापील पर्याय.

मी फॉर्म घेऊन आमचे विभागप्रमुख परांजपे सर यांच्याकडे गेले.

"नंबर बदलला असं लिहा," ते म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

"दीड महिन्यात नंबर बदलला तर शुगर, मोतीबिंदू, सगळं तपासायला मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागतं. ते होईपर्यंत त्यांची नोकरी राहणार नाही."

"मग दांडी मोडली म्हणा."

"दांडी मोडली तर फ्रेम नवीन मिळते. काचा त्याच."

"नियम फारच पाठ आहेत तुम्हाला. काय उरलं मग?"

"तपासणीत चूक."

"अहो देशमुख मॅडम, तो पर्याय छापण्यासाठी असतो. भरण्यासाठी नसतो."

मी उभीच राहिले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज खाली आला.

"हे पाहा, त्या दिवशी तुमच्यावर काय प्रसंग होता ते सगळ्यांना माहीत आहे. निदान ते तरी लिहा. मेमो येणार नाही."

मला ते लिहिता आलं असतं. पण ते खरं नव्हतं.

"सर, फोन येण्याआधी त्या बाई दहा मिनिटं माझ्यासमोर बसल्या होत्या. तो प्रश्न मी बसल्या बसल्या विचारायला हवा होता. बाहेर रांग होती, मी घाईत होते. फोनचा संबंध नाही."

त्यांच्याच टेबलावर मी रकाना भरला. 'कामाचे अंतर विचारले नाही. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही केली.

"अक्षर सुवाच्य आहे तुमचं," सर सही करत म्हणाले. "दुर्दैवाने."

शोभाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. "तवर सुपरवायझरले काय सांगू?"

मी सरांच्या सहीची चिठ्ठी दिली. चष्म्याचा नंबर चुकला आहे, रुग्णाची दृष्टी चांगली आहे, नवीन चष्मा येईपर्यंत दुसरं काम द्यावं.

त्यांनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "त्या दिवशी तुमाले फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी काही बोलली नाही. नाहीतर तारांचं सांगणारच होती."

आठव्या दिवशी मेमो आला, बाराव्या दिवशी चष्मा. मधल्या दिवसांत त्यांना पॅकिंगला बसवलं होतं. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. तक्रार नव्हती. परत तारा जोडायच्या लाइनवर होत्या, रिजेक्शन आलेलं नव्हतं. "सुपरवायझर आता स्वतःच डोळे चोळते जी. त्याले पाठवू का तुमच्याकडं?"

"पाठवा. काय काम करतो ते आधी विचारीन."

तो प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. रांग कितीही असली तरी तेवढंच लागतं.

मेमो माझ्या फाइलमध्ये आहे. शिलाईची टेप मी घरून आणून टेबलाच्या कडेला चिकटवली आहे. माधव यांचा चष्मा घरी कपाटात आहे.