मोरेसरांची माडी

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात ते कळत नाही. एकाने चहा मागवला की दुसरा सुरू होतो, आणि तास बुडतो! आमच्या महाडच्या शाळेतले निम्मे किस्से तरी मोरेसरांच्या माडीचे आहेत.

माडी पोलादपुरात. तिथे मोरेवहिनींचा शिवणक्लास चाले. सहा मशिनं, पंधरा मुली. एके दिवशी मशीनचा पाय फळीतून आरपार गेला! फळ्यांखालच्या लाकडी कड्या वाळवीने पोखरल्या होत्या. वहिनींनी क्लास बंद केला, मशिनांवर चादरी टाकल्या. सरांना तेच सोसेना. सुतार मुंबईला गेलेला, पाऊस तोंडावर.

"मे महिन्याची सुट्टी आहे, कड्या आपणच बदलू!" सर म्हणाले. जोशीसर, साळवीसर आणि मी, तिघेही भरीस पडलो.

*

मापं गणिताच्या जोशीसरांनी घेतली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी सुतासकट अचूक! पहिली कडी कापली, उचलली, तर ती दोन भिंतींच्या मधे बरोब्बर मावली, पण टेकायला जागाच नाही! दोन्ही टोकं वीतभर भिंतीत जावी लागतात, हे कुणी धरलंच नव्हतं.

"माझं उत्तर बरोबर आहे," जोशीसर म्हणाले, "गणितच चुकीचं घातलं होतंत!"

त्या कडीचं पुढे अंगणात बाकडं झालं.

*

दुसरी कडी चढवताना हुकूम पी.टी.च्या साळवीसरांचा. "सावधान!" म्हणाले की उचलायची. उचलली, डोक्यावर घेतली. आमचे थरथरणारे हात बघून साळवीसरांना दया आली असावी. सवयीने म्हणाले, "विश्राम!"

दर पंधरा ऑगस्टला ऐकलेला हुकूम तो. सगळ्यांनी हात सोडले! खाली माझी नवी चप्पल होती, तेवढ्यावर निभावलं.

*

मधली मोठी तुळई पेलायला टेम्पोवाल्या बबनचा जॅक आणला होता. तिसऱ्या दिवशी बबन घामाघूम होऊन दारात.

"मास्तर, वरंधच्या रस्त्याला टेम्पो पंक्चर झालाय. माझा जॅक हाय ना?"

"हाय की," मोरेसर म्हणाले, "पण त्याच्यावर माझं घर हाय!"

बबनने आत वाकून बघितलं. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! मी दुसऱ्याचा मागतो," म्हणाला आणि उन्हात चालत गेला. भला माणूस.

*

अकराव्या दिवशी फळ्या ठोकून झाल्या. पण मुलींच्या आया पोरींना वर पाठवेनात. "आधी तुमच्यातलं कोन बसतंय ते बगू!" शेजारच्या काकू म्हणाल्या. आम्ही एकेक पाऊल मागे सरलो.

वहिनींनी पदर खोचला, एक मशीन बरोब्बर मधोमध मांडायला लावलं आणि ब्लाऊज शिवायला घेतला.

आम्ही जिन्यात उभे. मोरेसर कुठे दिसेनात. शोधत खाली गेलो, तर सर त्या मशीनच्या बरोबर खाली, स्टुलावर उभे, दोन्ही तळहात नव्या कडीला लावून!

"सर, हे काय?"

"हळू बोला! तिला कळता कामा नये."

वर मशीन खडखडत होतं. ब्लाऊज पुरा होईपर्यंत सर जागचे हलले नाहीत. मग मशीन थांबलं आणि वरून वहिनींचा आवाज आला,

"झालं हो शिवून! आता हात खाली घ्या, भरून आले असतील."